खांब मोजा, मग दिवा मागा

आमच्या गल्लीत विजेचे १४ खांब आहेत. मागच्या हिवाळ्यात त्यांपैकी ९ खांबांवरचे दिवे बंद होते. त्याच सुमारास गावातला मुख्य रस्ता मात्र नव्या एलईडी दिव्यांनी उजळून निघाला होता. बसस्थानकापासून नगरपरिषदेपर्यंत पांढराशुभ्र उजेड, आणि आमच्या मोहल्ल्याच्या कमानीतून आत वळलं की मोबाइलचा टॉर्च.

मशिदीमागच्या खोलीत आम्ही मुलींसाठी एक छोटी अभ्यासिका चालवतो. रात्री नऊपर्यंत ती उघडी असते. डिसेंबरमध्ये तीन मुली यायच्या बंद झाल्या. कारण विचारलं तर घरच्यांनी सांगितलं, "अंधारातून कशी पाठवायची?" यात घरच्यांचं काही चूक नव्हतं. त्या गल्लीत उघडी गटार आहे, मोकाट कुत्री आहेत आणि कोपऱ्यावर टवाळ पोरांचा अड्डा आहे. तिघींपैकी एक बारावीला होती.

मी तक्रार घेऊन नगरपरिषदेच्या विद्युत विभागात गेले. अर्ज तयार होता, खाली ४० सह्या होत्या. बाबूंनी अर्ज वाचला, संगणकावर यादी उघडली आणि म्हणाले, "ताई, तुमच्या गल्लीत चारच खांब आहेत. चारही बदलून झालेत." मी म्हटलं, १४ आहेत, मी रोज बघते. त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. यादीत खरंच चारच होते. बाकीचे १० खांब कागदावर अस्तित्वातच नव्हते, म्हणून त्यांवरचे दिवे बदलले गेले नव्हते आणि दुरुस्तीलाही कोणी येत नव्हतं.

त्या दिवशी जे लक्षात आलं, तेच मला या लेखात मांडायचं आहे. गावाचे दिवे एलईडी करण्याच्या कामात खरी गोष्ट दिव्याची नसते, यादीची असते. ज्यांचे खांब यादीत आहेत, त्यांना उजेड आणि दुरुस्ती दोन्ही मिळतं. ज्यांचे नाहीत, ते अंधारात राहतात, आणि तो अंधार कोणत्याही अहवालात दिसत नाही. म्हणून आपण तरुणांनी नुसत्या तक्रारी करून थांबू नये. स्थानिक संस्थेला ही यादी बरोबर करून द्यावी. हे काम आपल्याला जमण्यासारखं आहे, आणि ते केल्याशिवाय आपल्या वस्त्यांत उजेड येईल असं मला वाटत नाही.

हिशेब काय आहे?

आधी थोडं गणित. मी तंत्रनिकेतनातून इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला आहे, त्यामुळे हे गणित मला आवडतं, पण ते कोणालाही समजेल. जुनी ट्यूबलाइट ४० वॅटची. तिच्या चोकमध्ये जाणारी वीज धरली तर खर्च ५० वॅटच्या वर जातो. त्याच जागी २० वॅटचा एलईडी दिवा चालतो. म्हणजे एका खांबामागे साधारण ३० वॅटची बचत. पथदिवा रात्री ११ तास जळतो असं धरलं तर वर्षाला सुमारे ४,००० तास होतात. ३० वॅट गुणिले ४,००० तास म्हणजे १२० युनिट. ५,००० खांबांच्या गावात हे वर्षाला ६ लाख युनिट होतात. युनिटला ६ रुपये धरले तरी ३६ लाख रुपये. लहान नगरपरिषदेसाठी ही किरकोळ रक्कम नाही.

थकबाकीचा प्रश्न त्याहून मोठा आहे. २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या अनेक ग्रामपंचायतींच्या पथदिव्यांची वीज थकबाकीपोटी तोडली गेली होती. गावंच्या गावं अंधारात होती आणि सरपंच मंडळी आंदोलनं करत होती. पथदिव्यांचं बिल कमी असणं म्हणजे असा अंधार टाळणं. त्यामुळे वीजबचत हा फक्त पर्यावरणवाल्यांचा विषय आहे असं समजू नका. ज्या स्थानिक संस्थेच्या तिजोरीत खडखडाट आहे, तिच्यासाठी हा उजेड टिकवण्याचा प्रश्न आहे.

मग प्रश्न येतो पैशाचा. दिवे बदलायला आधी पैसे लागतात आणि बचत नंतर होते. यावर एक तोडगा आहे, आणि तो फार आधी आपल्या विदर्भात करून पाहिला गेला आहे. २००७ च्या सुमारास अकोला महानगरपालिकेने ११,५०० हून अधिक पथदिवे बदलून घेतले. सगळा खर्च ठेकेदार कंपनीने केला. जी बचत होईल ती मोजायची आणि त्यातून ठरलेला वाटा काही वर्षं कंपनीला द्यायचा, असा करार होता. तेव्हा एलईडी आजच्यासारखा स्वस्त नव्हता, म्हणून टी-५ प्रकारच्या बारीक ट्यूब बसवल्या होत्या. तरीही पथदिव्यांची वीज ५६ टक्क्यांनी कमी झाली. वर्षाला सुमारे २१ लाख युनिट आणि ६४ लाख रुपये वाचले. घातलेला पैसा वर्षभराच्या आत वसूल होईल इतकी ती बचत होती. जागतिक बँकेच्या ऊर्जा विभागाने शहरांसाठी जी चांगली उदाहरणं नोंदवली, त्यात अकोल्याचं हे काम आहे. आपल्यापैकी कितीजणांना हे माहीत होतं? अकोल्यात माझी खाला राहते. मलासुद्धा हे डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षी कळलं.

पुढे हीच पद्धत देशभर आली. ५ जानेवारी २०१५ रोजी पथदिव्यांसाठी राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या अखत्यारीतल्या सरकारी कंपन्यांनी मिळून उभी केलेली ईईएसएल ही कंपनी त्यात पैसा घालते, दिवे बसवते आणि सात वर्षं देखभाल करते. स्थानिक संस्था बचतीतून हप्ते फेडते. ऑक्टोबर २०१४ च्या हुदहुद चक्रीवादळाने मोडून पडलेल्या विशाखापट्टणममध्ये ९० हजारांहून अधिक दिवे याच मार्गाने बदलले गेले. देशभरात आतापर्यंत १ कोटी ३० लाखांहून अधिक पथदिवे बदलून झाले आहेत. आमच्या गावातला ठेकेदार वेगळा आहे, पण कराराची पद्धत तीच.

यादी चुकली की काय होतं?

ही पद्धत चांगली आहे, पण ती एका गोष्टीवर उभी आहे. आधी किती दिवे होते, किती वॅटचे होते आणि किती तास पेटत होते, याची खरी नोंद हवी. बचत म्हणजे आधीचा खर्च वजा नंतरचा खर्च. आधीचा आकडाच चुकीचा असेल तर बचतीचा आकडा बरोबर कसा येणार?

एक उदाहरण घेऊ. समजा, एका गावात कागदावर १,००० ट्यूबलाइट आहेत, प्रत्येकी ५२ वॅट. पण त्यातल्या ३०० बंदच आहेत. म्हणजे खरा वापर ७०० दिव्यांचा, ३६.४ किलोवॅट. आता १,००० च्या १,००० दिवे बदलून २० वॅटचे एलईडी लावले आणि सगळे पेटायला लागले. नवा वापर २० किलोवॅट. खरी बचत १६.४ किलोवॅट. पण कागद सांगतो ३२ किलोवॅट, म्हणजे जवळपास दुप्पट. ठेकेदार कागदावरच्या बचतीचा हप्ता मागतो. नगरपरिषदेचं बिल मात्र तेवढं उतरलेलंच नसतं. मग वाद होतो, हप्ता थकतो आणि हप्ता थकला की दुरुस्ती थांबते. देशभर अनेक स्थानिक संस्थांकडे अशा कामांची देणी थकलेली आहेत.

याच्या उलटही होतं. जे खांब यादीत नाहीत त्यांवरच्या जुन्या ट्यूब तशाच राहतात. त्या विजेचं बिल नगरपरिषदच भरते, पण दुरुस्ती करायची कोणी हे ठरलेलं नसतं. ट्यूब गेली की खांब अंधारात. काही ठिकाणी पथदिव्यांना मीटरच नसतो, जोडलेल्या भारावरून बिल येतं. तिथे दिवे बदलले तरी भाराची नोंद दुरुस्त करून घेतली नाही तर बिल जुन्याच दराने येत राहतं. म्हणजे दिवा कमी वीज खातो आणि गाव जास्त वीज भरतं.

आता प्रश्न असा की आमचे १० खांब यादीतून सुटले कसे? मी विचारपूस केली. सर्वेक्षण करणारी माणसं दिवसा आली होती आणि गाडी जाते तिथपर्यंतच फिरली होती. आमची गल्ली कमानीनंतर अरुंद होते. शिवाय आतले दिवे वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या नगरसेवकांच्या निधीतून, निवडणुकीच्या तोंडावर घाईघाईने लावलेले होते. त्यांची नोंद नगरपरिषदेच्या रजिस्टरमध्ये झालीच नव्हती. नंतर बराच काळ नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते. मग आमच्या गल्लीबद्दल कोण सांगणार?

पाच रात्री

अर्ज परत घेऊन आम्ही १२ जण बसलो. त्यात पाच मुली होत्या. ठरवलं की आधी खांब मोजायचे. आमचाच मोहल्ला मोजला असता तर "हे फक्त आपल्यापुरतं बोलतात" असं झालं असतं, म्हणून संपूर्ण प्रभाग घेतला. त्यात आमचा मोहल्ला, त्यामागची बौद्ध वस्ती, नाल्यापलीकडची वडार वस्ती आणि कॉलेजजवळचा नवा लेआउट येतो. तिथल्या मुलांनाही बोलावलं. इशानंतर निघायचं आणि साडेदहापर्यंत फिरायचं, अशा पाच रात्री.

वहीत रकाने आखले होते. खांबाचा नंबर असेल तर नंबर, नाहीतर जवळच्या घराची किंवा दुकानाची खूण. दिवा कोणत्या प्रकारचा, ट्यूब, सोडियम की एलईडी. पेटतो, बंद आहे की लुकलुकतो. पुढचा खांब किती पावलांवर आहे. झाडाच्या फांदीने उजेड अडतो का. तार लोंबते का, पेटीचं झाकण उघडं आहे का. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी परत एक चक्कर, दिवसा कोणते दिवे जळतात ते बघायला. प्रत्येक खांबाचा फोटो आणि मोबाइलवरून ठिकाण.

दोन गोष्टींनी मला धक्का बसला. पहिली, यादीबाहेरचे खांब फक्त आमचे नव्हते. बौद्ध वस्तीत होते, वडार वस्तीत तर आमच्यापेक्षा जास्त होते. एका आजींनी सांगितलं की त्यांच्या बोळातला दिवा दोन वर्षांपासून बंद आहे आणि तक्रार करायची कुठे हेच माहीत नाही. दुसरी, नव्या लेआउटमध्ये भर दुपारी बारा वाजता दिव्यांची एक आख्खी ओळ पेटलेली होती, कारण तिथला टायमर बिघडलेला होता. एकीकडे रात्रीचा अंधार, दुसरीकडे दिवसाचा उजेड, आणि दोन्हींचं बिल एकच नगरपरिषद भरते.

सगळी माहिती एक्सेलमध्ये भरली आणि विद्युत विभागाच्या अभियंत्यांकडे नेली. ते आधी सावध होते. "हे कोणासाठी केलं? कोणत्या पक्षाचे तुम्ही?" मी म्हटलं, "साहेब, तुमच्या यादीत नसलेले ४६ खांब आहेत, ठिकाण आणि फोटोसकट." त्यांनी पाच-सात फोटो बघितले. मग खुर्ची ओढायला सांगितली. त्यांच्याकडे सगळ्या गावासाठी दोन वायरमन आणि एक शिडीची गाडी आहे. सर्वेक्षण पुन्हा करायला माणसंच नाहीत. ते म्हणाले, "फाइल पेनड्राइव्हवर द्या. आणि फोटोला खांबाचा नंबर द्या, म्हणजे मला वर टिपणी लिहिता येईल."

४६ पैकी ३१ खांब आता यादीत आले आहेत आणि त्यांवर दिवे लागले आहेत. बाकीच्यांचा वाद चालू आहे, कारण ते ज्या जागेवर आहेत तो रस्ता नगरपरिषदेचा की खासगी, हे ठरत नाही. मी याला विजय म्हणणार नाही. पण ४० सह्यांच्या अर्जाने जे झालं नसतं, ते एका एक्सेलच्या फाइलने झालं.

"पण हे त्यांचं काम आहे"

हे मला सगळ्यात जास्त ऐकवलं गेलं. आमच्या गल्लीतले एक चाचा म्हणाले, "बेटा, पगार वो लेते, खंबे तुम गिनते?" त्यांचं म्हणणं चूक नाही. महाराष्ट्र नगरपरिषदांच्या १९६५ च्या अधिनियमात सार्वजनिक रस्त्यांवर दिवाबत्ती करणं हे बंधनकारक कर्तव्य आहे, मर्जीची गोष्ट नाही. राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांकडे सोपवायच्या १८ विषयांत पथदिव्यांचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे दिवा ही मेहेरबानी नाही, हक्क आहे.

पण हक्क सांगायला पुरावा लागतो. "आमच्याकडे अंधार आहे" हे वाक्य झालं. "या ठिकाणचे हे ४६ खांब तुमच्या यादीत नाहीत" ही नोंद झाली. वाक्याला उत्तर द्यावंच लागतं असं नाही. नोंदीवर काहीतरी लिहावंच लागतं.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. काही मित्र म्हणाले, हे सगळं मुद्दाम आहे, आपल्या वस्त्यांना कायम असंच ठेवतात, तू उगाच तांत्रिक कारणं शोधतेस. मी हे हसण्यावारी नेत नाही. २००६ साली सच्चर समितीने मुस्लिम वस्त्यांतल्या नागरी सुविधांच्या अभावाची नोंद केली आहे आणि आपण ती रोज जगतो. पण आमच्या प्रभागात मोजल्यावर दिसलं की जिथे गाडी जात नाही, जिथे लेआउट मंजूर नाही, जिथे लोक कार्यालयात जायला बिचकतात, तिथे तिथे अंधार आहे. त्यात आपण आहोत आणि आपल्याबरोबर इतरही आहेत. भेदभाव झालाच असेल तर तोही मोजणीतूनच सिद्ध होईल. प्रभागवार खांब, प्रभागवार चालू दिवे, प्रभागवार दुरुस्तीचे दिवस, असे आकडे शेजारी शेजारी ठेवले तर कोणाला भाषण करायची गरज उरत नाही. आणि वडार वस्तीतली मुलं आपल्याबरोबर उभी असतील तर "यांची नेहमीचीच ओरड" असं म्हणून कोणी फाइल बाजूला सारू शकत नाही.

कसला उजेड हवा?

मागताना काय मागायचं हेही कळलं पाहिजे. एलईडी म्हणजे डोळ्यांत घुसणारा पांढरा झोत, असं नाही. २०१५ मध्ये मुंबईत मरीन ड्राइव्हवर पिवळे सोडियम दिवे जाऊन पांढरे एलईडी आले तेव्हा केवढा वाद झाला होता. लोकांना तो जुना सोनेरी रंग हवा होता. वाद फक्त सौंदर्याचा नसतो. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने २०१६ मध्ये रस्त्यांसाठी ३,००० केल्विन किंवा त्याहून कमी, म्हणजे उबदार पिवळसर छटेचे दिवे वापरावेत अशी शिफारस केली. जास्त निळसर उजेड डोळ्यांना दिपवतो आणि झोपेत अडथळा आणतो. आपल्या गल्ल्यांत खांब आणि खिडकी यांत हातभर अंतर असतं. तिथे मुख्य रस्त्यासारखा झगझगीत दिवा लावला तर लोक स्वतःच त्यावर पोतं बांधतील. गल्लीत कमी वॅटचा, खाली तोंड असलेला, उबदार रंगाचा दिवा हवा, आणि दोन खांबांच्या मध्ये काळा पट्टा राहू नये इतकं जवळचं अंतर हवं. विजेचे झटके सोसणारं संरक्षण त्या दिव्यात आहे का, हेही विचारा. आपल्याकडे व्होल्टेज इतकं वरखाली होतं की त्याशिवाय एलईडीचा ड्रायव्हर एका पावसाळ्यात जातो.

आणि वाचलेल्या पैशांचं काय होतं यावर नजर ठेवा. बिल उतरलं की काही ठिकाणी खांबांना रंगीत पट्ट्या गुंडाळल्या जातात आणि चौकात कारंज्याला निळे-जांभळे दिवे लागतात. मला कारंज्याचा राग नाही. पण आधी वडार वस्तीतल्या आजींच्या बोळात दिवा लागू दे, मग कारंजं.

थोडं आपल्याबद्दल

हे लिहिणं सोपं नाही, पण लिहायला हवं. पथदिव्यांच्या लाइनवर आकडे टाकणाऱ्यांत आपण आहोत. जलसा असो, लग्न असो, ईद-ए-मिलादची रोषणाई असो, तार थेट खांबावरून घेतली जाते. इतरही घेतात, म्हणून आपलं बरोबर ठरत नाही. भार वाढला की पेटीतला एमसीबी पडतो आणि आख्ख्या ओळीचे दिवे जातात. वायरमन काकांनी मला हेच दाखवलं. आमच्या मोहल्ल्यातली पेटी त्या वर्षी तीनदा जळली होती, आणि तिन्ही वेळा कारण आम्हीच होतो.

वाहत्या नदीकाठी वजू करतानाही पाणी वाया घालवू नये, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. इसराफचा अर्थ आपण पाण्यापुरता ठेवला. विजेच्या बाबतीत मात्र मशिदीच्या गच्चीवरचा हॅलोजन सकाळी अकरापर्यंत जळत राहतो. आमच्या मशिदीच्या कमिटीला आम्ही महिन्याचा हिशेब करून दाखवला, तेव्हा त्यांनी सगळे हॅलोजन काढले आणि टायमर लावला. मीटरवरचा तात्पुरता जोड घेऊनच आता कार्यक्रम होतात. नगरपरिषदेत गेल्यावर आमचं बोलणं ऐकलं गेलं, त्यात या गोष्टीचाही वाटा होता.

तुम्ही काय करू शकता?

पाच-सहा जण गोळा करा. एक जण इलेक्ट्रिकल समजणारा असला तर उत्तम, नसला तरी चालेल. कॉमर्सवाल्यांनी बिलं बघावीत, संगणकवाल्यांनी नकाशा करावा, बोलक्या मुलामुलींनी शेजारच्या वस्तीत जावं. मुली एकट्या नको, जोडीने. खांबाला, पेटीला कोणीही हात लावायचा नाही. फक्त बघायचं आणि लिहायचं.

मोजणीबरोबर माहितीचा अधिकार वापरा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप आणि साधा अर्ज. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत ठेवावा लागतो. उत्तर ३० दिवसांत मिळायला हवं. तीन गोष्टी मागा. तुमच्या प्रभागातल्या पथदिव्यांची खांबवार यादी, ठेकेदाराशी झालेल्या कराराची प्रत, आणि दिवे बदलण्याच्या आधीच्या व नंतरच्या बारा-बारा महिन्यांची पथदिव्यांची वीजबिलं. करारात दिवा बंद पडल्यापासून किती तासांत दुरुस्त करायचा आणि न केल्यास किती दंड, हे लिहिलेलं असतं. ते शोधा. ते कलम बहुतेक ठिकाणी कोणी वापरतच नाही.

मग यादी आणि तुमची वही शेजारी ठेवा. जो फरक दिसेल तो एका पानावर लिहा. दोष कोणाचा हे त्या पानावर लिहू नका, फक्त काय आहे ते लिहा. अभियंत्यांना आधी भेटा, मुख्याधिकाऱ्यांना नंतर, आणि वर्तमानपत्राला सगळ्यात शेवटी. अर्थसंकल्प मंजूर व्हायच्या आधी भेटा, कारण नंतर "पुढच्या वर्षी बघू" हेच उत्तर मिळेल. एकदा दिवे लागले की दर तीन महिन्यांनी तीच चक्कर परत मारा. एलईडी दिवा वर्षानुवर्षं टिकतो, पण यादी टिकत नाही. नवं घर होतं, खांब सरकतो, नंबर पुसला जातो.

अभ्यासिकेबद्दल सांगायचं राहिलं. गल्लीत दिवे लागल्यावर त्या तीन मुलींपैकी दोघी परत आल्या. जी बारावीला होती ती आली नाही. तोपर्यंत तिची परीक्षा होऊन गेली होती आणि घरच्यांनी पुढचं वेगळं ठरवलं होतं. सगळा दोष अंधाराचा नव्हता, हे मलाही कळतं. पण दहा खांब वेळेवर यादीत असते तर ते चार महिने तिला मिळाले असते.

म्हणून आज रात्री इशानंतर घरी जाताना आपल्या गल्लीतले खांब मोजा. किती आहेत आणि किती पेटतात, एवढंच. दोन्ही आकडे वहीत लिहा, खाली तारीख टाका. उद्या त्याच वहीसकट विद्युत विभागात जा आणि विचारा, "तुमच्या यादीत किती आहेत?"